समान कामाला समान दाम : मजूरमंत्री बाबासाहेबांचे न सांगितलेले चरित्र



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांवर एक तरी लेख असतोच. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. लहान मुलेसुद्धा १४ एप्रिलच्या भाषणात ते न अडखळता सांगतात. पण बाबासाहेब चार वर्षे या देशाचे मजूरमंत्री होते आणि त्या काळात त्यांनी बाईच्या मजुरीचा प्रश्न सरकारी कागदावर आणला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? म्हणून या वेळी त्यांचे चरित्र त्या एका अंगाने सांगायचे ठरवले आहे.

हा विषय घ्यायला कारण आहे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी आयाबाया सकाळी भाकरी बांधून नाक्यावर उभ्या राहतात. बांधकामाच्या जागी गडी आणि बाई दोघेही बिगारी काम करतात. गडी घमेले भरून देतो, बाई ते डोक्यावर घेऊन दोन-दोन मजले चढते. शनिवारी चुकारा होतो तेव्हा मात्र मुकादमाच्या वहीत गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची हजेरी वेगळी. विदर्भात तिला रेजा म्हणतात. नाव वेगळे ठेवले की दर वेगळा ठेवायला मोकळीक! आमच्या लहानपणी घरातल्या बायासुद्धा याला रीतच समजत. बाईमाणसाला कमीच मिळायचे, असे त्याच आपल्या लेकीसुनांना सांगत. ही रीत नाही, हा अन्याय आहे आणि तो कायद्याने मोडता येतो, हे ज्यांनी सरकारात बसून दाखवून दिले ते आपले बाबासाहेब.

दुष्काळी कामावरचे रोखपाल

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत असत. आई भीमाबाई बाबासाहेब लहान असतानाच वारल्या आणि आत्या मीराबाईंनी घर सांभाळले. कुटुंब साताऱ्यात राहत होते त्या वेळी रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमाला आणि त्याच्या भावंडांना मसूर स्टेशनवर बैलगाडी मिळेना, जात कळल्यावर वाटेत पाणीही मिळेना, ही हकिगत आपण अनेकदा ऐकली आहे.

त्या हकिगतीतल्या दुष्काळी कामाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. इंग्रज सरकारच्या दुष्काळी नियमांत पुरुषाचा दर एक, बाईचा त्याहून कमी आणि मुलाचा आणखी कमी असे. खणायची माती तीच, ऊन तेच, पोटातली भूकही तीच. पण हातात पडणारे दाम वेगळे. म्हणजे बाईला कमी देण्याची रीत नुसती गावच्या पाटलाची किंवा सावकाराची नव्हती. ती सरकारच्या छापील नियमांत होती. जे सरकारने छापले ते सरकारकडूनच खोडून घ्यावे लागते. पुढे बाबासाहेबांनी हेच काम केले.

शाळेत असतानाच त्यांचे लग्न रमाईंशी झाले. रमाईंचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरत. माता रमाईंनी लहानपणापासून कष्टच पाहिले. १९१२ साली बाबासाहेब बी. ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राचा कसून अभ्यास केला. मधली काही वर्षे ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२३ साली लंडनची डी. एस्सी. मिळवून ते परत आले. ते परदेशात असताना इकडे रमाईंनी गोवऱ्या थापून, अर्धपोटी राहून संसार ओढला. तिच्या त्या कष्टाला कोणी मजुरी दिली नाही आणि कोणत्या वहीत त्याची नोंदही झाली नाही.

बाबासाहेब बॅरिस्टर होते हे आपण आवर्जून सांगतो. ते देशातले मोठे अर्थशास्त्रज्ञ होते हे सांगायला आपण विसरतो. मजुरी कशी ठरते, कोणाला कमी मिळते आणि का मिळते, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता. शिवाय परळच्या बी. आय. टी. चाळीत ते गिरणी कामगारांच्या शेजारी राहिले. पगाराच्या दिवशी चाळीत काय होते आणि पगार संपल्यावर काय होते, ते त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले.

गिरणीतली विभागणी आणि बाळंतपणाचा पगार

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. तो जवळजवळ सहा महिने चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी एक प्रश्न उभा केला, जो पुढारी लोकांना गैरसोयीचा वाटला. गिरणीत विणकाम खात्यात पगार चांगला मिळे. पण तेथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागते आणि त्याने विटाळ होतो, असे कारण दिले जाई. त्यामुळे आपल्या माणसांना कमी पगाराच्या खात्यात राहावे लागे. संपाच्या मागण्यांत ही मागणीही घातलीच पाहिजे, असा बाबासाहेबांनी आग्रह धरला.

आता याच गिरणीत बाया कोठे होत्या ते पाहा. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात होत्या. मागावर पुरुष. वाइंडिंगचा पगार मागापेक्षा कमी. मालक कागद दाखवून म्हणू शकत होता की मी बाईला कमी देत नाही, मी त्या खात्याला कमी देतो. अस्पृश्याला जसे खाते वेगळे तसेच बाईलाही खाते वेगळे! बंधूंनो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. एकाच कामाला दोन दर देणे हा अन्यायाचा एक प्रकार झाला. माणसाला स्वस्त कामातच कोंडून ठेवणे हा दुसरा प्रकार, आणि तो पकडायला जास्त कठीण.

त्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले. बाबासाहेब विधिमंडळाचे नेमलेले सभासद होते. गिरणी मालकांच्या बाजूने म्हटले जाई की हा बोजा धंद्यावर कशाला? बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा देताना मालकाच्या हिशोबाचीच वही उघडली. मालक काही कामांवर बायांना का ठेवतो? पुरुषापेक्षा बाईच्या कामातून त्याला जास्त फायदा उरतो म्हणून. ज्याला हा फायदा मिळतो त्याने तिच्या बाळंतपणाच्या काळातला थोडा भार उचललाच पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच बरोबर, आई आणि बाळ यांना विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे म्हणून सरकारनेही भार घ्यावा, असे त्यांचे मत होते. १९२९ साली मुंबई इलाख्याचा हा कायदा झाला. अशा प्रकारचा हिंदुस्थानातला हा पहिला प्रांतिक कायदा.

बाळंतपणाची रजा आणि पगारातला फरक यांचा संबंध काय, असे कोणाला वाटेल. संबंध सरळ आहे. बाळंतपण आले की बाईचा रोज बुडतो, नोकरी सुटते आणि परत येते तेव्हा ती पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहते. गड्याची पायरी मात्र चढतच जाते. दहा वर्षांनी दोघांच्या पगारात जे अंतर दिसते त्याचे मूळ बऱ्याचदा येथे असते.

नागपूरची परिषद

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कामगारांचे तास, पगार, रजा यांच्यासाठी कायदे करणे हा त्या पक्षाचा कार्यक्रम होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि म्हातारा होईपर्यंत गँगमनच राहतो, वरची जागा त्याला मिळत नाही, हे दुखणे त्यांनी तेथे उघड केले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह बिलाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला, त्यातही ते पुढे होते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांची व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात नेमणूक झाली आणि मजूर खाते त्यांच्याकडे आले. आपण ज्याला मजूरमंत्री म्हणतो ते हेच पद. त्याच महिन्यात नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया आपापल्या गावाहून भाकरी बांधून आल्या होत्या.

त्या बायांनी काय ठराव केले? घटस्फोटाचा हक्क मागितला, मुलींच्या शिक्षणाची सोय मागितली. आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथे काम करणाऱ्या बायांना रजा, दुखापतीची भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळाले पाहिजे, असाही ठराव केला. जरा विचार करा. ज्यांना स्वतःची सही करता येत नव्हती अशा आपल्या आज्या पेन्शनचा ठराव करत होत्या! आणि ज्या माणसाच्या हाती मजूर खाते आले होते तो त्यांचाच माणूस होता.

कोळशाच्या खाणीत

मजूरमंत्री झाल्यावर ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार या तिघांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. कामगाराला मालकाच्या शेजारी खुर्ची मिळाली. पण खरी कसोटी पुढे खाणीत लागायची होती.

कोळशाच्या खाणीत बाया पूर्वीपासून काम करीत. बिहार-बंगालच्या खाणपट्ट्यात त्यांना कामिन म्हणत. नवरा कोळसा फोडायचा, बायको तो टोपलीत भरून टबापर्यंत वाहायची. अनेक ठिकाणी मजुरी टबावर मिळे आणि ती नवऱ्याच्या हातात पडे. जमिनीखालचे काम बायांसाठी घातक म्हणून सरकारने १९२९ पासून टप्प्याटप्प्याने त्यांना खाणीच्या आतून बाहेर काढले होते. १९४३ साली युद्ध जोरात होते. रेल्वे आणि कारखान्यांना कोळसा कमी पडू लागला. खाणीतले मजूर जास्त पगाराच्या लष्करी कामांवर निघून गेले. तेव्हा सरकारने बंदी तात्पुरती उठवली आणि बाया पुन्हा खाणीत उतरल्या. खाते बाबासाहेबांचे होते, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारीही त्यांचीच.

यावर मोठी टीका झाली. महिला संघटनांनी निषेध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या प्रश्नावर चर्चा झाली. आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत म्हणून ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. निर्णय अडचणीचा होता आणि त्यावर आजही दोन मते होऊ शकतात. पण त्या निर्णयाबरोबर त्यांनी कोणती अट घातली ते पाहिले पाहिजे. खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, ही ती अट. देशातल्या कोणत्याही धंद्यात स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व प्रथमच लागू होत आहे, हे त्यांनी विधिमंडळात नोंदवून ठेवले. फार कमी उंचीच्या बोगद्यात बायांना पाठवू नये, अशीही मर्यादा घातली. बंदी तात्पुरती उठवली आहे असे सरकारचे सांगणे होते, आणि ते पाळले गेले. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

दिल्लीत फायली वाचून ते थांबले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या खाणपट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत खाली उतरून काम पाहिले, मजुरांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. व्हाईसरॉयच्या मंडळातला मंत्री काळोखात उतरून कोळसा फोडणाऱ्याजवळ उभा राहतो, हे त्या काळी नवलाचेच होते. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या कायद्यात त्यांच्या काळात १९४३ आणि १९४५ साली दुरुस्त्या झाल्या. १९४४ साली कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभा राहिला. खाणीवर पाळणाघर असावे यासाठीही पाऊल उचलले गेले. मूल टोपलीत घालून खाणीच्या तोंडाशी ठेवणाऱ्या आईला पाळणाघर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

किमान वेतनाचे बिल

बाबासाहेबांनी आणखी एक काम केले, ज्याची फळे आपण आजवर खात आलो. १९४४ साली सरकारने द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली. निरनिराळ्या धंद्यांत कोणाला किती पगार मिळतो, किती तास काम पडते, याची तिने माहिती गोळा केली. आधी मोजणी, मग कायदा, ही अर्थशास्त्रज्ञाची रीत. जो पगार कोणी मोजलाच नाही त्यातला फरक कोणाला दिसणार?

११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे बिल मांडले. त्याच वर्षी कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. जून-जुलै १९४६ मध्ये ते मंडळ गेले. किमान वेतनाचे बिल पुढे स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कायदा म्हणून पास झाले, तेव्हा मजूरमंत्री बाबू जगजीवनराम होते.

त्या कायद्याच्या यादीत कोणते धंदे होते पाहा : विडी, भाताच्या आणि डाळीच्या गिरण्या, रस्ते आणि इमारतीचे बांधकाम, खडी फोडणे, चहामळे, शेतमजुरी. म्हणजे जेथे बाया जास्त, युनियन नाही आणि मालक म्हणेल तो दर, तेच धंदे! समान वेतनाचा कायदा तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा शेजारी कोणी पुरुष तेच काम करत असतो. विडी वळणाऱ्या दहाच्या दहा बायाच असतील तर तुलना कोणाशी करायची? तेथे खालचा दरच कायद्याने बांधून द्यावा लागतो. म्हणून किमान वेतन आणि समान वेतन ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

घटनेतली ओळ आणि राजीनामा

ऑगस्ट १९४७ मध्ये बाबासाहेब घटना मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली. तिच्या ३९ व्या कलमात, पोटकलम घ मध्ये, पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही समान कामाबद्दल समान वेतन मिळावे असे राज्याचे धोरण असेल, हे लिहिलेले आहे. ४२ व्या कलमात बाळंतपणाची सोय आहे, ४३ व्या कलमात जगण्यापुरते वेतन आहे. १५ व्या कलमाने स्त्रियांसाठी खास तरतूद करायला सरकारला मोकळीक दिली आहे.

ही धोरणाची कलमे कोर्टात जाऊन बजावून घेता येत नाहीत, मग त्यांचा उपयोग काय, असा प्रश्न घटना समितीत निघाला होता. बाबासाहेबांनी समजावले की कोर्टाला नाही तरी निवडणुकीच्या वेळी मतदाराला सरकारला जाब द्यावाच लागेल. म्हणजे त्यांनी हे काम आपल्यावर, मत देणाऱ्या माणसांवर सोपवले आहे.

कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल आणले. बाईने कमावले तरी त्यावर तिची मालकी नसेल तर नुसता पगार समान होऊन काय उपयोग? वारसा, मालमत्ता, घटस्फोट यांचे हक्क त्या बिलात होते. बिल पुढे सरकेना तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बिल रखडण्याबरोबर इतर कारणेही त्यांनी सांगितली, पण बायांच्या हक्काच्या कायद्यासाठी खुर्ची सोडणारा असा मंत्री विरळाच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी आपल्याला ज्या धम्मात आणले त्यातही मजुरीचा विचार आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर सुट्टी द्यावी. आपल्यापैकी जे आज स्वतः ठेकेदार झाले, दुकानदार झाले, ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी हे सुत्त नुसते ऐकून घरी जाऊ नये.

पुढे काय झाले

बाबासाहेब गेले, पण ती ओळ घटनेत राहिली. १९५८ साली भारताने समान वेतनाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. १९७५ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक म्हणजे अगदी तेच नव्हे तर तशाच स्वरूपाचे काम असले तरी दर समान पाहिजे. दुसरी म्हणजे समान करायचे म्हणून पुरुषाचा पगार कमी करता येणार नाही. बाईचाच वाढवावा लागेल. १९८२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की ३९ वे कलम १४ व्या आणि १६ व्या कलमाबरोबर वाचले तर समान कामाला समान वेतन हे मिळवता येणारे हक्काचे तत्त्व ठरते. १९८७ साली मुंबईच्या एका कंपनीतल्या महिला लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार देणे त्याच कोर्टाने बेकायदा ठरवले. युनियनशी करार झाला आहे, कंपनीला परवडत नाही, या सबबी तेथे चालल्या नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. १९७७ साली त्यासाठी कायदा झाला आणि तो १९७९ पासून अंमलात आला. त्यात मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरली, बाई की गडी यावर नाही. रामजीबाबा ज्या दुष्काळी कामावर रोखपाल होते तसल्याच कामावर सत्तर-ऐंशी वर्षांनी बाईचा वेगळा दर कागदावरून गेला. तेथपर्यंतचा रस्ता त्यांच्या मुलाने बांधून दिला होता.

२०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. १९४८ चा किमान वेतन कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा हे दोन्ही २०१९ च्या वेतन संहितेत घेतले गेले आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यातही समान कामाला समान वेतनाचे कलम आहे. किमान वेतन आता यादीतल्या धंद्यांपुरते न राहता सर्व कामगारांना लागू आहे. पगाराची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे.

मग नाक्यावरचा दर अजून वेगळा का? कारण तुलना एकाच मालकाकडच्या, सारख्या कामाची करायची असते. म्हणून मालक कामाला वेगळे नाव देतो. तो मदतनीस, ती हलके काम करणारी. तो कायम, ती कंत्राटावर. अंगणवाडीतल्या बाईला तर पगार न म्हणता मानधन म्हणतात. १९२८ च्या गिरणीतली खात्यांची विभागणी नाव बदलून चालूच आहे. बाबासाहेबांनी ती तेव्हाच ओळखली होती.

म्हणून उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे. आपल्या घरातली बाई कामाला जाते तिची हजेरी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. तिला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला लिहायला सांगा. पगाराची चिठ्ठी मागा. मस्टरवर अंगठा देण्याआधी आकडा वाचून घ्या. शेजारच्या गड्याला काय मिळते ते विचारायला लाजू नका. तक्रार एकटीने केली तर उद्या काम जाईल ही भीती खरी आहे, म्हणून चौघी-पाचजणींनी मिळून करा. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास यासाठी ठेवता येईल. आणि पुरुष मंडळींनो, घरातल्या बाईचा पगार म्हणजे वरखर्चाला हातभार असे म्हणणे आपण आधी सोडू या. तोही तिच्या घामाचा पुरा दाम आहे.

खाणीच्या काळोखात डोक्यावर कोळशाची टोपली घेऊन उभ्या असलेल्या त्या अनोळखी कामिनीला पुरुषाइतका दाम मिळावा म्हणून आपला बाप दिल्लीत भांडला. आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींसाठी आपण निदान मुकादमाशी तरी बोलू शकतो.

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!